आबांच्या पायाखालचं पाणी

असोद्याच्या हेमराजने गेल्या दिवाळीत एक जुनी चारचाकी घेतली आणि तिची पुढची डावी सीट आपोआप त्याच्या वडिलांची झाली. उखर्डू आबा शहात्तर वर्षांचे. टोपी नीट करून, काठी दोन गुडघ्यांत धरून ते असे बसायचे की बघणाऱ्याला वाटावं, गाडी हेच चालवतायत, हेमराज नुसता चाक धरून बसलाय.

फेब्रुवारीपासून गाडीचं कूलंट कमी व्हायला लागलं. इंजिन थंड ठेवणारं ते हिरवं पाणी हेमराज दर रविवारी खुणेपर्यंत भरायचा आणि पुढच्या रविवारी ते बोटभर खाली गेलेलं असायचं. गावातल्या लोटन मिस्त्रीने आधी रेडिएटरचं झाकण बदललं, मग पाइपांच्या क्लिपा बदलल्या. शेवटी गाडीखाली पुठ्ठा अंथरून बघितला. पुठ्ठा कोरडा ठणठणीत.

"बाहेर गळत नाही, म्हंजे इंजिन आतून पिऊ राह्यलं," लोटन म्हणाला आणि 'हेड गॅस्केट' हे इंजिन उघडायला लावणारे दोन खर्चिक शब्द त्याने अशा आवाजात उच्चारले की हेमराजला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

त्याच सुमारास हेमराजच्या बायकोच्या, लताबाईंच्या, वेगळंच काही लक्षात आलं. गाडी झाडताना पुढच्या डाव्या बाजूचा, पाय ठेवायच्या जागेचा गालिचा त्यांच्या हाताला ओला लागला. त्यांनी तो उन्हात वाळवला. चार दिवसांनी पुन्हा ओला. पाऊस नाही, गाडीचा एसी तर घेतल्यापासून बंद. आणि त्या जागी बसणारा माणूस एकच.

"अहो," त्यांनी हेमराजला बाजूला घेतलं, "आबांचं वय झालं आता. त्यांना काही बोलू नका, पण एकदा डॉक्टरला दाखवा."

मन मोकळं करायला त्यांनी शेजारच्या कोकिळाला तेवढं सांगितलं, कोणाला बोलायचं नाही असं बजावून. संध्याकाळपर्यंत गल्लीत ही गोष्ट माहीत नसलेले फक्त आबा उरले.

शुगर तपासून येऊ म्हणून हेमराजने त्यांना जळगावला नेलं. तिथे डॉक्टरांनी बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आबा, लघवीवर ताबा राहतो ना?" तेव्हा कुठे आबांना कळलं, आपल्याला कशाला आणलंय ते. सोनोग्राफी झाली. काही निघालं नाही. तरी डॉक्टरांनी एक गोळी दिलीच.

घरी येताच आबांनी काठी आपटली. "अरे, सीट कोरडी, धोतर कोरडं, आन् ओलं काय तं पायाखाली! मी काय गाडीत उभा राह्यतो?"

"असू द्या आबा, वयोमानाने होतं," हेमराज समजुतीने म्हणाला. त्या समजुतीने आबा जास्तच चिडले. दुसऱ्या दिवशी सीटवर धुतलेली खताची गोणी अंथरलेली दिसली. आबांनी ती पाहिली आणि तिच्यावर बसले.

एप्रिलमध्ये धुळ्याला आबांच्या नातीच्या, मयुरीच्या, मुलाचं बारसं होतं. त्या दिवशी सकाळी आबांनी चहाचा कप परत केला. पाणीही नको म्हणाले. लताबाईंनी विचारलं, "उपास आहे का?" आबांनी मान हलवून नाही म्हटलं. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, खिडकीतून भट्टीसारखी हवा येत होती, तरी त्यांनी बाटलीला हात लावला नाही.

धुळं दिसायला लागलं तेव्हा इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला आणि बॉनेटखालून वाफ निघाली. नशिबाने समोरच एक गॅरेज होतं. झुलाल नावाचा मिस्त्री हात पुसत बाहेर आला. गरम झाकण उघडायला निघालेल्या हेमराजला त्याने आधी मागे ओढलं, आबांना लिंबाखाली स्टूल दिलं आणि इंजिन निवेपर्यंत कोणालाही हात लावू दिला नाही.

मग पाणी भरून रेडिएटरच्या तोंडावर त्याने एक हातपंप बसवला आणि दाब दिला. पंपावरचा काटा सावकाश खाली यायला लागला, म्हणजे गळती होती. झुलालने वाकून गाडीखाली पाहिलं. थेंब नाही. त्याने ऑइलची पट्टी काढून पाहिली. ऑइल स्वच्छ होतं, त्यात पाणी मिसळलेलं नव्हतं.

"गॅस्केट चांगलं शे," तो म्हणाला. हेमराजने इतका मोठा श्वास सोडला की लताबाई दचकल्या.

झुलालने डावीकडचं दार उघडलं आणि समोरच्या काचेवरून आतून बोट फिरवलं. "काच चिकट कशी?"

"हे गाडीत केळ्याचे वेफर्स खातात," लताबाईंनी लगेच सांगितलं.

झुलाल हसला आणि पाय ठेवायच्या जागेकडे वाकला.

"अहो, तिथे हात लावू नका!" लताबाई ओरडल्या.

झुलालचा हात वरच राहिला. हेमराज विजेचा खांब बघायला लागला. लिंबाखालून आबांचा आवाज आला, "लावू दे त्याले. लाव बेटा, चांगला दाबून लाव."

झुलालने गालिचा दाबला. ओली बोटं एकमेकांवर घासली, वास घेतला, आणि हात उन्हात धरला. बोटं हिरवी झाली होती. "बठ्ठं कूलंट आठेच शे, भाऊ!"

सगळं कूलंट इथेच कसं मुरत होतं, ते मग त्याने समजावलं. डॅशबोर्डच्या मागे हीटर असतो, एक छोटा रेडिएटरच. आपण हीटर लावा की न लावा, कूलंट त्यातून फिरतंच. या हीटरला भोक पडलंय. थेंब खाली गालिच्यावर, वाफ वर काचेवर.

"पण जळगावात हीटर कशाला?" लताबाईंनी विचारलं.

"गाडीले काय माहीत, तिले जळगावले ऱ्हानं शे ते!"

आबा काठी टेकत जवळ आले. "आन् सीट?"

झुलालने गोणी उचलून सीट चाचपली. "कोरडी."

"सकायपासून मी पान्याचा थेंब घेतला नाही," आबा कोणाकडेही न बघता म्हणाले. "म्हटलं, आज तरी पाहतील."

लताबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. गॅरेजच्या माठातून तांब्या भरून त्यांनी दोन्ही हातांनी पुढे केला. "आबा, चुकलं माझं."

"बिघडली गाडी, आन् डॉक्टरकडे नेलं मले," आबा म्हणाले आणि अख्खा तांब्या रिकामा केला.

झुलालने हीटरकडे जाणारे दोन्ही पाइप काढून एकमेकांना जोडून टाकले. अर्ध्या तासात हीटरला बायपास झाला आणि पंपाचा काटा जागचा हलेना. तेवढ्यात लताबाईंनी आबांवरचा आळ पुसायला तिथूनच कोकिळाला फोन लावला. ट्रक हॉर्न वाजवत जात होते आणि त्या ओरडून सांगत होत्या.

बारसं थाटात झालं. दुसऱ्या दिवशी घरी पोचून आबा ओट्यावरच्या खाटेवर टेकतात न टेकतात तोच त्यांचा जुना सोबती पुना नाना दोन शहाळी घेऊन आला. तो हळूच खाटेच्या कडेला बसला आणि दबक्या आवाजात बोलला.

"उखर्डू, धुळ्याले तुझी बायपास केली म्हंते. आन् आम्हाले पत्ता नाही!"

हेमराज खुलासा करायला पुढे झाला. आबांनी त्याला हातानेच थांबवलं आणि शहाळं जवळ ओढलं.

"हो," ते म्हणाले. "अर्ध्या तासात झालं समदं."

"भूल दिली व्हती का?"

"छ्या! मी बाजूले स्टुलावर बसून पाहत व्हतो."