पंधरा इंची की दोन दहा

...स्पीकरच्या मधल्या काळ्या टोपीला खळगा पडलेला. बोटाएवढा. कुणीतरी दुकानात आल्याआल्या दाबून बघितलं असणार – आणि त्यात त्या माणसाचा तरी काय दोष, असली गोल, फुगीर, कागदाची वाटी समोर आली की बोट शिवशिवतंच. जोतिरामचंही शिवशिवलं. त्यानं हात खिशात घातला. पंधरा इंचांचा एकच स्पीकर, भोवती जाड प्लायवूडचं कॅबिनेट, त्यावर करडं कार्पेट, आणि दोन अंगांना दोन लोखंडी कड्या – एक या बाजूच्या माणसाला, एक त्या बाजूच्या. एकट्यादुकट्याचं काम नव्हेच ते. बघताक्षणी ते त्याच्या मनात भरलं होतं.

"खळग्यानं आवाजाला काय होत न्हाय, साहेब," सोमलिंग म्हणाला. दुकान त्याचंच, गिऱ्हाईक गप्प राहिलं की त्याला करमत नसे. "माल एक नंबर हाय. भिंत हालवतंय बघा!"

जोतिरामची बायको सोनम शेजारच्या कॅबिनेटपुढं उकिडवी बसली होती. त्यात दहा इंचांचे दोन स्पीकर, एकावर एक. त्यांची चुंबकं नव्या तऱ्हेची, हलकी. आणि वर, नेमकी मधोमध, एकच मूठ. तिनं ती मूठ धरली, ती उठली, आणि तिच्याबरोबर कॅबिनेटही उठलं. एका हातात. दुसऱ्या हातानं तिनं ओढणी सारखी केली.

जोतिरामला ते एका हातात उठलेलं खटकलं.

कारण पुणं. पुण्याच्या एका ऑर्केस्ट्रानं तिला बेस गिटार वाजवायला बोलावलं होतं – दिवाळीनंतर मोठा दौरा, नाशिक, नागपूर, पार बेळगावपर्यंत. बसनं फिरायचं, आणि ज्याचं सामान त्यानंच उचलायचं. सोबत नवरे नकोत, मामे नकोत, कुणीच नको, असं त्यांनी फोनवर स्वच्छ सांगितलं होतं. सोनमनं हो म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं. विषय निघाला की ती भाकरी थापायला घ्यायची आणि मग त्या थापण्याच्या आवाजात कोण काय बोलणार... आणि अशात तिच्या गिटारीच्या जुन्या कॅबिनेटचा स्पीकर फाटला. तेव्हापासून जोतिरामच्या डोक्यात एकच भुंगा – जड घेतलं की प्रश्न मिटला. भांडण नको, अडवणं नको, बायकोला अडवणारा नवरा म्हणून तोंड काळं करून घेणं नको. सामानच उचलत नाही म्हटल्यावर जाणार कशी? साप मरेल आणि काठीही शाबूत राहील. वा रे गडी!

पंचायत समितीत त्याच्याबरोबर काम करणारे लोक त्याला 'बायकोचा हमाल' म्हणत. म्हणेनात का. तिसऱ्या मजल्यावरून ते जुनं धूड उतरवायचं, हॉलवर न्यायचं, वायरी जोडायच्या, कार्यक्रम संपला की पुन्हा वर चढवायचं – लग्न झाल्यापासून हेच, आणि त्याच्या उजव्या खांद्याला त्याची सवय झाली होती, तो खांदा दुखला नाही तर त्याला रविवार झाल्यासारखा वाटत नसे. गावी वळसंगला गेलं की त्याची आई केराबाई कपाळाला हात लावायची – "अरं, गाणं म्हणती म्हणावं तर तसं बी न्हाय. नुसतं धुम् धुम्. त्यापायी तू वझं व्हायाचं व्हय रं?" केराबाईला काय सांगायचं? काय सांगायचं की आई, त्या धुम् धुम्वरच सगळं उभं असतं. गाणारी घाईला येते, ढोलकीवाला वाट्टेल तसा उधळतो, आणि मागं अंधारात ही बाई, मान खाली घालून, चार जाड तारांवर सगळ्यांना दावणीला बांधून ठेवते... लोक गाणारीला टाळ्या देतात. देऊ देत. वेळापूरला एकदा भर गाण्यात वायर निघाली आणि हिचा आवाज गेला. बाकी सगळे वाजतच होते, तरी पुढं नाचणारी माणसं थांबली, एकमेकांची तोंडं बघायला लागली, काय हरवलं ते कुणालाच सांगता येईना. मला येत होतं. मीच धावलो, मीच वायर खुपसली, आणि पाय पुन्हा हलले. त्या दिवशी एवढा अभिमान वाटला होता की वाटलं, हे आम्ही दोघांनी मिळून केलं.

दोघांनी. दोन कड्यांना दोन माणसं लागतात ना, तसं.

"अहो," सोनमनं गिटारचा पट्टा खांद्यावर घेतला, "पलीकडं जाऊन उभं राहता का? मला जवळून काय कळायचं न्हाय."

खरंच होतं ते. खर्जाचा आवाज लांबवर जाऊन उमलतो. वाजवणाऱ्याच्या पायाशी तो नुसता गरगरतो. म्हणून प्रत्येक हॉलमध्ये जोतिरामनंच मागच्या भिंतीपाशी उभं राहायचं आणि हातानं खूण करायची – वाढव, कमी कर, बास.

"तुमी म्हणाल ते घेऊ," ती म्हणाली. "दोन्ही वाजवते. तुमच्या कानावर सोडलं."

तो रस्ता ओलांडून पंक्चरच्या दुकानाशेजारी उभा राहिला. मधून रिक्षा, टमटम, एक उसाचा ट्रॅक्टर... आणि मग पंधरा इंची बोलला. आधी तळपायाला कळलं, मग बरगड्यांना. भला, गोल, जाडजूड आवाज – ओळखीचा. घरचाच. डोळे मिटले तर जुनंच कॅबिनेट वाजतंय असं वाटावं. झालं! खोटंही बोलावं लागणार नाही, आवाज चांगलाच आहे की. सोमलिंगनं वायर काढून दुसऱ्यात घातली. आता जोतिराम दोष काढायला टपून राहिला – किरकिरेल, पोकळ वाटेल, एवढ्याशा खोक्यात कुठला आलाय दम...

आणि तो थांबलाच. आतून.

तीच चाल होती. पण दोन सुरांच्या मध्ये काहीतरी होतं. इवलीशी जागा – तिथं ती तार दाबून गप्प करत होती, आणि त्या गप्प होण्यावर पुढचा सूर पाय ठेवून उतरत होता. मग एका सुरावरून दुसऱ्यावर तिचं बोट घसरलं, आणि ते घसरणंही ऐकू आलं, मुद्दाम केलेलं, खट्याळ, जणू मागच्या मागं कुणाला तरी चिमटा काढलाय. आयला! ही हे करते? कधीपासून? आज सुचलेलं नव्हतं ते. हात किती सहज पडत होता. म्हणजे वेळापूरलाही ती हेच वाजवत होती. प्रत्येक लग्नात, प्रत्येक हळदीला. आणि तो जुना, आळशी, थोरला स्पीकर ते सगळं एकात एक कालवून पुढं ढकलत होता, आणि मी मागच्या भिंतीला टेकून माना डोलवत होतो – माझ्याइतकं हिला कुणी ऐकलेलं नाही असं समजून! काय वाजवते ही. देवा, काय वाजवते! त्याला लाज वाटली. आणि ती थांबू नये, आणखी थोडं वाजवावं, असं इतकं वाटलं की निवड वगैरे तो पार विसरून गेला.

ती थांबली. रस्त्यापलीकडून तिनं भुवया उंचावल्या – काय?

परत येताना त्यानं शब्द तयार ठेवला होता. पंधरा. एवढंच म्हणायचं. खोटं धरता येण्यासारखं नव्हतंच. त्याच्या कानात शिरून कोण बघणार? पंधरा म्हटलं की दिवाळीनंतरही रविवार येतील, खांदा दुखेल, जिन्यात ती पुढून "सावकाश, सावकाश" म्हणत उतरेल... पंधरा.

"हे घे," तो म्हणाला. "दोन दहा."

"नक्की?"

"नक्की. ह्यात तू ऐकू येतीस. त्यात नुसता आवाज येतोय."

सोनमनं वायरीचं वेटोळं करायला घेतलं. सगळं गुंडाळून होईपर्यंत तिनं वर बघितलं नाही.

"मला वाटलं, तुमी पंधराच म्हणणार."

"का?"

तिनं वेटोळ्याला गाठ मारली.

"आणि म्हटलं असतं तर?"

"घेतलं असतं की."

इतकं साधं. मीठ घेतलं असतं की, म्हणावं तसं. सोमलिंग मागं आनंदानं खोकं शोधत होता आणि जोतिरामला मात्र पाय कुठं ठेवावा कळेना. म्हणजे आपल्या मनातलं हिला ठाऊक होतं. घरातून निघतानाच ठाऊक होतं, आणि तरी तिनं अख्खं पुणं आणून आपल्या कानावर ठेवलं. विश्वास होता की पारख होती? की... आणि हा विचार त्याला सगळ्यात शेवटी आला आणि सगळ्यात खोल गेला... की तिलाच भीती वाटत होती, आणि कुणीतरी नको म्हणावं म्हणून ती वाट बघत होती? विचारावं का? पण विचारलं तर ती खरं सांगेल, आणि तेवढी छाती या घटकेला त्याच्याकडं नव्हती.

तिनं कॅबिनेट उचललं. त्याचा हात सवयीनं पुढं गेला.

"राहू द्या," ती म्हणाली. तोडून नव्हे, मायेनंच.

खांद्यावर गिटार, हातात कॅबिनेट, अंगाला जरासा तोल देत ती रिक्षाकडं चालत गेली, आणि तो मोकळे हात घेऊन मागून बघत राहिला – कांदेपोहे खाताना जिच्याकडं धड बघवलं नव्हतं तीच ही मुलगी, आणि आजही तसंच धड बघवत नव्हतं. एवढी मोठी बाई आपल्या घरात राहते, हे त्याला आज कळत होतं. हात मात्र काही केल्या जागेवर राहीनात; त्यानं ते आधी खिशात घातले, मग काढले, मग पाठीमागं बांधले.