वीतभर वाढीव

नवी गाडी दारात आली तसं मननने स्वतःच्या हाताने दार उघडणं सोडलं, ही पानबाईंची तक्रार. गाडी थांबली की हा मागे बसून राहतो. पुना पुढून उतरतो, वळसा घालून येतो, दार उघडतो, मग साहेबांचा पाय बाहेर येतो. तोही लगेच नाही. आधी बूट येतो, मग थोडा वेळ जातो, मग बाकीचा मनन येतो.

"हाताला काय झालंय तुझ्या?" त्यांनी ओट्यावरून विचारलं. "पुना तुझ्या बापाच्या वरातीत गाडी चालवत होता. त्याला दार उघडायला लावतोस?"

"दादी, ही गाडीच तशी आहे. मागे बसणाऱ्याची."

"आतून दार उघडत नाही?"

"उघडतं."

"मग उघडत जा. तिजोरी नाही ती."

मननची बायको विधी हसू लपवायला आत निघून गेली. पुना मात्र हसला नाही. पानबाईंसमोर हसायचं की नाही हे तो आधी त्यांच्या भुवयांकडे बघून ठरवायचा.

पानबाईंची शाळा चौथीत सुटली. पण जळगावात सून म्हणून आल्यावर सासऱ्यांची दालमिल त्यांनी अशी उचलून धरली की तुरीची डाळ आणि माणूस दोन्ही त्या एका चिमटीत ओळखायच्या. नातवाची ही गाडी मात्र त्यांच्या चिमटीत सापडेना. घ्यायच्या दिवशी त्या स्वतः धुळ्याच्या शोरूमला गेल्या होत्या. विक्रीवाला जितेंद्र, मननचा कॉलेजातला दोस्त, गाडीभोवती प्रदक्षिणा घालत सांगत होता.

"काकू, गाडी तीच, जी सगळ्यांकडे आहे. पण ही मधेच वीतभर लांबवलेली. सगळी वाढ मागच्याच्या पायाला. पुढे बसणाऱ्याला काही नाही."

"म्हणजे डाळ तेवढीच, पाणी वाढवलं," पानबाई म्हणाल्या.

जितेंद्र कसलेला होता, हसून पुढे गेला. "साधी आखूड गाडी विचारायला आता कोणी येत नाही बघा. आपल्याकडे चालवणारा वेगळा आणि बसणारा वेगळा. कापूसवाले, सोनेवाले, डॉक्टर, सगळे लांबच मागतात."

"गल्लीत वळते का?"

"जरा त्रास होतो. पण काकू, माणूस गाडी घेतो ती वळायला नाही, उतरायला घेतो. उतरताना चार लोकांनी बघितलं पाहिजे."

मग त्याने मागच्या दारातलं एक बटण दाबलं. पुढची रिकामी सीट आपोआप पुढे सरकली, पार काचेजवळच्या पत्र्याला जाऊन टेकली. मनन मागे बसला आणि त्याने दोन्ही पाय सरळ लांब केले. "बघ दादी. खाटेवर पडल्यासारखं."

पानबाई त्या सरळ पसरलेल्या पायांकडे बघत राहिल्या. तोंडाने त्या म्हणाल्या, "खाटेवर पडायला घरी खाट आहे." पण मनात त्याच क्षणी सोनगीरची आक्की येऊन बसली होती.

आक्काबाई सोनगीरची. पानबाईंचं माहेरही सोनगीरच. पानबाईंच्या वडिलांचं किराणा दुकान बाजारात, आक्कीचं घर पलीकडच्या वस्तीत. लहानपणी आक्की दुकानाच्या पायरीखाली उभी राहायची आणि पानबाई, तेव्हाची पानी, पायरी उतरून खाली यायची. पायरी का उतरावी लागते हे दोघींना कोणी सांगितलं नव्हतं, आणि दोघींना ठाऊक होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मात्र मोठ्या निंबाला झोके बांधले की एकाच झोक्यावर दोघी समोरासमोर उभ्या राहायच्या. झोका वर गेला की किल्ल्याची भिंत दिसायची, खाली आला की पानीच्या आईचे डोळे.

लग्नानंतर पानबाईंचे यजमान दलिचंदशेठ दरसाल आखाजीला त्यांना माहेरी सोडायला आणि न्यायला स्वतः यायचे. गाडी अँबॅसिडर, दुधी रंगाची. पुढची सीट सलग, बाकासारखी. शेठ स्वतः चालवायचे. त्यांच्याशेजारी पानबाई, मांडीवर पोर, खिडकीशी आणखी एखादी चुलतसासू. मागे नणंदा, भाचरं, आंब्याची पाटी, सांजोऱ्यांचा डबा. त्या गाडीत किती माणसं मावतात हे कोणी ठरवलेलं नव्हतं. दार लागलं की मावली, नाही लागलं की कोणाला तरी पुन्हा नीट बसवायचं.

एका आखाजीला परत निघताना पानबाईंनी आक्कीलाही गाडीत घातलं. तिचं लग्न गावातल्या गावातच झालेलं, आईबाप गेले होते. घरात नवरा आणि लहानगा रविंद्र. सणाला मूळ धाडून नेणारं तिचं कोणी उरलं नव्हतं. "चल माझ्याकडे. चार दिवस माझं घर ते तुझं माहेर," पानबाई म्हणाल्या आणि तिला मागच्या सीटवर नणंदांच्या मधे ढकललं. मोठ्या नणंदेने तोंड आंबट केलं, पण सरकून बसायला जागाच नव्हती. पारोळ्यापर्यंत गाडीने इतके धक्के खाल्ले की रविंद्र नणंदेच्या मांडीवर झोपून गेला, आणि एरंडोलला उठला तेव्हा तिनेच त्याला बिस्कीट घेऊन दिलं.

तेव्हापासून आक्की दर आखाजीला जळगावी आली. शेठ गेले, अँबॅसिडर विकली, पानबाईंचे भाऊ दुकान मोडून सुरतेला गेले, तरी आक्की आली. मग एका श्रावणात ती मोरीत घसरली. पायात सळई घातली, पाय कसाबसा जुळला, पण गुडघा वाकायचा तो बंदच झाला. गेल्या साली पानबाईंनी तिला आणायला आधीची आखूड गाडी धाडली होती. आक्कीने दारातून शिरायचा सगळ्या बाजूंनी प्रयत्न केला. पाय काही आत मावेना. शेवटी तिनेच पुनाला माघारी लावलं, वर कैऱ्यांची पिशवी हातात दिली आणि म्हणाली, "तिले सांग, आते मनी आखाजी सरनी." आता माझी आखाजी संपली.

हा निरोप पानबाईंनी ऐकला आणि त्या दिवशी त्या कोणाशी भांडल्या नाहीत. घरच्यांना त्याचीच काळजी वाटली होती.

म्हणून यंदा आखाजीच्या तोंडावर त्यांनी फोन लावला. आक्कीला ऐकू कमी येतं, म्हणून त्या ओरडूनच बोलल्या. "आक्के, मंगळवारी लांबी गाडी लई येसू. तयार ऱ्हाय."

"लांबी गाडी?"

"हा, लांबी. तुना पाय बराबर मावी."

 पलीकडून "बरं" आलं आणि फोन ठेवला गेला.

मननला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "दादी, पुना एकटा जाईल ना. नाहीतर मी त्यांना रुग्णवाहिका पाठवतो, चांगली, एसीची."

"ती सणाला येतेय. दवाखान्यात नाही."

"बरं. मग मीही येतो. नवी गाडी आहे, गल्लीबोळात घासली तर?"

"ये. वीतभर जास्त आहे, तेवढी तू सांभाळ."

उन्हं चढायच्या आत ते निघाले. मागे एका बाजूला मनन, दुसऱ्या बाजूला पानबाई, आणि दोघांच्या मधे हात ठेवायची रुंद गादी, पेले ठेवायला खळगे असलेली. पुढची सीट रिकामी. पानबाईंना वाटलं, एवढ्या मोठ्या गाडीत माणसं तीन, आणि तिघेही एकमेकांपासून लांब. रस्ता आता इतका गुळगुळीत की एरंडोल आलं ते कळलं नाही, पारोळा बाहेरूनच गेला. पूर्वी पारोळ्याच्या वेशीशी शेठ हमखास गाडी थांबवायचे. इंजिन तापलंय म्हणायचे. खरं तर त्यांना भजी खायची असायची आणि तसं सांगायची लाज वाटायची.

"पुना, शेठ कुठे थांबायचे आठवतं?"

"आठवतं ना बाई. भजीवाला गेला. आता तिथे मोबाईलचं दुकान आहे."

मननने डोळ्यांवरचा चष्मा काढला नाही. तो पाय पसरून झोपला होता.

सोनगीरच्या गल्लीत गाडी शिरली आणि मननची झोप उडाली. दोन्ही बाजूंच्या ओट्यांमधून पुनाने ती इंच इंच नेली. आक्काबाईच्या दाराशी थांबली, तर दाराला कुलूप.

पानबाई तशाच उतरल्या. कोणी दार उघडायची वाट त्यांनी बघितली नाही. कुलूप हलवून बघितलं, जसं हलवल्याने ते खोटं ठरणार होतं. रविंद्र नोकरीसाठी नाशकाला, त्याची बायको सपनाही तिकडेच. आक्की एकटी. तिचं काही बरंवाईट तर नाही ना, हा विचार त्यांनी मनात येऊ दिला नाही, पण हात कुलपावरच राहिला.

समोरचा कौतिक गोठ्यातून बाहेर आला. "आक्काबाई ना? ती तं सकायमाच फाटावर गयी. पिशवी लईसन. मी म्हनं सोडस तुले, तं ऐकाले तयार नही."

"फाटावर कशाला?"

"गाडी पकडाले म्हने."

गाडी वळवायला गल्लीत जागा नव्हती. पुनाने ती तशीच मागे मागे घेतली, मनन खिडकीतून डोकं काढून "भिंत, भिंत" करत राहिला. हायवेवरच्या फाट्याशी, एसटी थांबते तिथे, त्याच मोठ्या निंबाखाली आक्काबाई बसलेली होती. पांढरं लुगडं, मांडीशी पिशवी, आणि एक पाय समोर सरळ पसरलेला. येणारेजाणारे त्या पायाला वळसा घालून जात होते. जवळ आखाजीसाठी घेतलेली नवी घागर होती, आणि उन्हासाठी स्वतःच्या डोक्यावर टॉवेल.

"आठे काय करी ऱ्हायनी तू?" पानबाईंचा आवाज सणसणीत निघाला.

"तूच सांगं ना, लांबी गाडी शे म्हनीसन." आक्काबाईही कमी नव्हती. "मी म्हनं, लांबी गाडी म्हनजे यस्टी. इंदूरकडथून येस ती. तू फाटावर येशी, मंग दोन्ही जनी तीमा बठसूत."

सोनगीरात धुळ्याला जाणारी ती गाडी, आणि दूरवर जाणारी एसटी ती लांबी गाडी. ही बोली पानबाईंचीच होती आणि त्या तिच्यातच फसल्या होत्या.

"अन यस्टीन्या पायऱ्या? त्या कश्या चढती?"

"चढी जातू कशीबी. तू बलायं ना माले."

पानबाईंनी तोंड फिरवलं आणि निंबाकडे बघितलं. निंबाला आता झोका नव्हता, कुठल्याशा क्लासची पाटी खिळ्यांनी ठोकली होती.

मनन पुढे झाला. "आक्काबाई पुढे बसतील. दादी, तू आणि मी मागे, येताना होतो तसे." त्याने अदबीने पुढचं दार उघडलं. आक्काबाईने पाय आत घालून बघितला. टाच खाली अडली, गुडघा वर पत्र्याला लागला. तिने एकवार पानबाईंकडे बघितलं, आणि हात पिशवीकडे गेला, माघारी फिरायला.

"थांब," पानबाई म्हणाल्या. त्या मागच्या दाराशी गेल्या, ते बटण शोधलं आणि अंगठ्याने दाबून धरलं. पुढची सीट घूं करत सरकत गेली. "आता ये. पाठमोरी ये. आधी बूड, मग पाय."

पुनाने काखेत हात दिला. आक्काबाई टेकली, सरकली, मग तो पाय दोन्ही हातांनी उचलून आत ओढला. टाच पुढच्या सीटच्या मागे जाऊन थांबली. अडली नाही, थांबली. मधे बोटभर जागा राहिली.

"पुरनं वं पाने," आक्काबाई हळूच म्हणाली. पुरलं. तिने पायावरून लुगडं नीट केलं आणि त्या बोटभर जागेकडे पुन्हा बघितलं.

पानबाई दुसऱ्या बाजूने शिरल्या, मधली गादी उचलून पाठीला लावली आणि आक्कीच्या खांद्याला खांदा लागेल इतक्या सरकून बसल्या. रस्त्यावर मनन उभा राहिला. त्याच्यासाठी उरली होती ती पुढची सरकवलेली सीट. तो बसला. गुडघे पत्र्याला, हनुवटी गुडघ्यांच्या बेताने. पुनाने मागचं बघायचा आरसा विनाकारण दोनदा सारखा केला.

धुळ्यापर्यंत मागे नुसती अहिराणी चालली होती. कोण मेलं, कोणाच्या सुनेने वेगळी चूल मांडली, त्या नणंदेची कवळी हरवली तेव्हा काय झालं. दोघी हसल्या की सीट हलायची आणि मननचे गुडघे पत्र्यावर आपटायचे.

धुळं दिसू लागलं तसा मननचा फोन वाजला. तो बोलला, मग अर्धवट मान वळवून म्हणाला, "दादी, जितेंद्रचा फोन होता. आखाजीच्या मुहूर्ताची गिऱ्हाइकं जमलीत, लांब गाडी बघायचीय त्यांना. पाच मिनिटं थांबू. फक्त... तिथे मी असा पुढे बसून कसा जाऊ? तेवढ्यापुरतं मी मागे बसतो. आक्काबाई बाहेर खुर्चीवर बसतील, सावलीत."

पुनाने गाडीचा वेग कमी केला.

"उतरस ना मी," आक्काबाई लगेच म्हणाली. "त्यामा काय शे." आणि तिने तो पाय उचलायला हातही घातला.

पानबाईंनी तिच्या हातावर आपला हात दाबून ठेवला. मग मननच्या डोक्याच्या मागच्या बाजूकडे बघत, आवाज न चढवता म्हणाल्या, "मनन, गाडी तू चांगली घेतलीस. मला आज पटलं, पुन्हा कधी सांगणार नाही, ऐकून ठेव. जितेंद्रकडे थांबायचं तर थांब, पण ही उतरणार नाही. गिऱ्हाइकांना सांग, मागे माझी पाहुणी बसलीय, तिच्या पायाला वीतभर जास्त लागते म्हणून आम्ही लांबच घेतली. हे सांगायची लाज वाटत असेल तर सरळ पुढे चल. आणि आक्की माझ्याकडे आहे तोवर ही गाडी तिची. तू मिलवर स्कूटरने जायचं."