पापखोली आणि आरामखोली

माणसाच्या पोटातलं पाप बाहेर काढणारी खोली अख्ख्या हिंदुस्थानात एकच, आणि ती निजामाच्या राज्यात पिंगळी स्टेशनाजवळ आहे, ही गोष्ट त्या उन्हाळ्यात साऱ्या गावाला पटली होती. संक्रांतीपर्यंत त्याच खोलीत मन्मथअप्पांची सरकी होती आणि उंदरांखेरीज कुणाचंही पाप तिथं उघडकीला आलं नव्हतं.

हैदराबादेहून आलेल्या व्यंकटराव प्रोफेसरांनी अप्पांच्या वखारीतल्या शेजारशेजारच्या दोन खोल्या घेतल्या आणि बाहेर ‘नफसियाती तजुर्बागाह’ अशी पाटी ठोकली. ‘मानसशास्त्राची प्रयोगशाळा’ हा तिचा अर्थ कुणालाच कळला नाही, त्यामुळे भरवसा लगेच बसला. आत उजव्या दारावर ‘पापखोली’, डाव्यावर ‘आरामखोली’. न वाचणाऱ्यांसाठी लिंबाजी दवंडीवाला दारात उभा राहून नावं ओरडे. पापखोलीत काळ्या कापडाखाली यंत्र होतं.

“जर्मन बनावट!” प्रोफेसर सांगत. “याच्या विद्युल्लहरी काळजाला भिडतात. पापी थरथरतो, निष्पाप स्थिर राहतो. हा चमत्कार नव्हे, सायन्स आहे!”

‘चमत्कार नव्हे’ म्हटलं की लोक हात जोडत. मग आत जाऊन थरथरत, आरामखोलीत टेकत आणि ‘शुद्धीचा अर्क’ विकत घेऊन घरी जात.

अप्पा जन्माचे संशयी. गिऱ्हाइकानं नमस्कारादाखल नुसतं ‘शरणार्थ’ म्हटलं तरी यात ह्याचा फायदा काय, हे आधी शोधत. पण बायकोची, मल्लम्माची, नथ हरवली तेव्हा त्यांचा संशय वखार झाडणाऱ्या कासाबाई धनगरणीवर गेला. चावडीत पोलीस पाटील धोंडप्पांनी ठरवलं, मंगळवारी तिनं पापखोलीत बसायचं. थरथरली तर चोर. मग मेंढरं गायरानाबाहेर आणि बिऱ्हाड गावाबाहेर.

“मालक, म्या न्हाई घेतली,” कासाबाई म्हणाली. “पर त्या खोलीत मी कापणार. आत्ताच कापायलेय बघा.”

हे बोलणं अप्पांच्या डोक्यात अडकून बसलं. सोमवारी प्रोफेसर गाडीनं पूर्णेला गेले, तेव्हा अप्पा स्वतःच पापखोलीत शिरले. बसतात न बसतात तोच गुडघे लटलटायला लागले. कापडाला हात लावायचीही छाती होईना. आधी घाम फुटला, मग राग आला. ह्याच खिडकीखाली, सरकीच्या पोत्यांवर, त्यांनी वर्षानुवर्षं दुपारची झोप काढली होती. खोली तीच होती. नाव तेवढं नवं.

मंगळवारी सकाळीच त्यांनी पाट्यांची अदलाबदल केली. उजवीकडच्या यंत्रावर पोती टाकून ते झाकलं आणि डावीकडच्या खोलीत पालथ्या टोपलीवर काळी घोंगडी पसरली.

“लिंबाजी, आजपासून डावी पापखोली, उजवी आरामखोली. तसंच वरड.”

“प्रोफेसरसायबांचा हुकूम हाय का, अप्पा?”

“वखार कुणाची हाय?”

लिंबाजी ओरडला.

गर्दी जमली. कासाबाईला अप्पा म्हणाले, “तुझी पाळी मागून. तोवर आरामखोलीत टेक.” पहाटेपासून मेंढरांमागं फिरलेली बाई पोत्यांना टेकली. इकडे डावीकडे धोंडप्पा पाटील म्हणाले, “आधी मी बसतो. गावाला धडा मिळू द्या!” बसले, आणि त्यांचा पटका थडथड हलू लागला.

तेवढ्यात स्टेशनावरून प्रोफेसर आले. गर्दीतून ‘पापखोली’ची पाटी आणि पाटलांचा हलता पटका दिसताच त्यांना भरून आलं. “पाहा! यंत्रापुढे पाटील काय, फकीर काय! लहरी कुणाची भीड ठेवत नाहीत!”

“खरं हाय,” म्हणत अप्पांनी घोंगडी ओढली.

खाली टोपली निघाली. टोपलीखाली काहीच नव्हतं.

“यंत्र शेजारी हाय,” अप्पा म्हणाले. “कासाबाईच्या उशाला.”

सगळे उजव्या दाराशी धावले. आतून घोरणं ऐकू येत होतं.

“लहरी... भिंतीतून जातात,” प्रोफेसर म्हणाले.

“यंत्र उशाला घेऊन निजलेल्या बाईला सोडून?” अप्पांनी विचारलं.

मल्लम्मानं कासाबाईला हलवून उठवलं, पोती सारली, कापड फेकलं. शिवणयंत्राची नुसती पेटी. आत प्रोफेसरांची मळकी धोतरं.

“मग मी कशानं कापलो?” धोंडप्पांनी विचारलं. त्यांचा पटका आता स्थिर होता.

“नावानं, पाटील. काल मी बी कापलो. दारावर पाप लिवलं की माणूस आत बसून सोताचीच झडती घ्यायला लागतो. आन् झडतीत काहीच सापडणार न्हाई असा माणूस आणायचा कुठून?”

“आन् मी कापले असते तर?” कासाबाईनं विचारलं.

पाटील म्हणाले, “मेंढरं ऱ्हाऊ द्या गायरानात.”

वाचकहो, कुणी खोलीला भारदस्त नाव दिलं, तर आधी विचारा की काल इथं काय भरलं होतं. आणि माणसाचं कापणं हा पुरावा धरू नका. भीती निष्पापालाही वाटते. कासाबाईचं बिऱ्हाड वाचलं ते लहरींमुळे नव्हे, एका संशयी माणसाला वेळेवर स्वतःचा संशय आला म्हणून.

प्रोफेसर संध्याकाळच्या गाडीनं गेले. दोन्ही खोल्यांत पुन्हा सरकी भरली आहे. मल्लम्माची नथ अजून सापडलेली नाही.