तिसरी छत्री

खुर्चीच्या पट्ट्याच्या शिवणीतून सुटलेला एक पांढरा धागा.

ताईचे दोन मिस्ड कॉल.

सकाळी कॅन्टीनच्या टीव्हीवर, आवाज बंद, स्पर्धेतल्या दुसऱ्या कंपनीचं अंतराळयान... नवरीसारखं नटलेलं.

सायकल शिकवताना ताईने न सांगता सोडलेला हात.

धागा तिने बोटाला गुंडाळला. गुडघे छातीशी, पाठ खाली. तिच्याच पाठीचा साचा घेऊन ओतलेली ही खुर्ची. आणि यानाच्या दारात उकिडवे बसलेले प्रकल्पप्रमुख, ज्यांना सगळे पाठीमागे लगीनघाई म्हणत.

"चाचणीत तीनपैकी दोन हवाई छत्र्या उघडल्या ना? दोनवरही यान उतरतं."

"तिसरी का नाही उघडली, सर?"

"शोधतोय गं. पण त्यासाठी पुन्हा रिकामं यान टाकून बघायचं? ते लोक पंधरवड्यात माणसं पाठवतायत. दुसऱ्या नंबरला कोण विचारतं?"

"मी विचारते. आत मी बसणार आहे."

"चिडतेस काय लगेच! संध्याकाळी कॅमेऱ्यासमोर एवढंच म्हण, आम्ही तयार आहोत."

आम्ही! म्हणजे कोण कोण? काठावर पास झालेल्या पोराचे पेढे वाटावेत तसा हा माणूस दोन छत्र्या मिरवतोय, आणि खाली येताना आदळणार ती मी... ताईने हात सोडला होता, गुडघे फुटले होते, पण ताई मागून धावत तरी होती, धापा टाकत, "पायडल मार गं, पायडल मार!" — इथे मागून कोण धावणार? नाही म्हणावं, तर राखीव वैमानिक आहेच, दोन लेकरांचा बाप. त्याच्या पाठीचा साचा घेतील, खुर्ची नव्याने ओततील, आणि तो बिचारा हसत हसत आत शिरेल, कारण आठ वर्षं तोही हेच मागतोय.

संध्याकाळी दिवे तिच्या तोंडावर आले. लगीनघाईंनी लांबून अंगठा उंचावला. संताप उसळला, पण पुरता बाहेर आला नाही, कारण त्याच्या तळाशी तिला भलतंच काही दिसलं — सकाळी टीव्हीवरचं ते यान बघताना आपणच मनात म्हणालो होतो, बिघडू दे यांचं काहीतरी. त्यातही माणसंच बसणार होती. लगीनघाई काय एकट्या त्यांनाच होती?

"बोला मॅडम," कॅमेरावाला म्हणाला.

तिने तोंड उघडलं. पाठ केलेलं वाक्य आता आपलं वाटेना, आणि दुसरं अजून सुचलं नव्हतं.

दुपारी, ती यानात पडून असतानाच, दुसऱ्या कंपनीने आपलं उड्डाण सहा महिने पुढे ढकललं होतं; तिला ते कुणी सांगितलं नव्हतं.