स्काल्नोच्या पुलावर

स्काल्नोचा किल्ला सरकारजमा झाल्यावर सहा वर्षांनी, १९५४ साली, झ्दिस्लावा कोच्वारोवा तिथे पाहुण्यांना दालनं दाखवायच्या नोकरीला लागली. पंचविशीतली, खणखणीत आवाजाची. काय बोलायचं त्याचा कागद जिल्हा कचेरीतून आला. त्यात लिहिलं होतं, शेवटचा मालक बॅरन ओताकार द्राहोव्स्की जर्मनांचा हस्तक होता.

तिने कागद परत पाठवला. जर्मन आले तेव्हा ती दहा वर्षांची होती. बॅरनने स्वतःला जर्मन म्हणवून घ्यायला नकार दिला आणि जर्मनांनी त्याला घराबाहेर काढलं, हे अख्ख्या गावाने पाहिलं होतं.

मग कचेरीतला होलुब तपासणीला आला. काच कारखान्यातले चाळीस कामगार किल्ला बघायला आले होते, त्यांच्या मागे तो उभा राहिला. बॅरनच्या तसबिरीसमोर झ्दिस्लावाने घडलं तेच सांगितलं.

"कॉम्रेड, कागदात असं नाही," होलुब म्हणाला.

"कागद इथला नाही. मी इथली आहे."

कुणीतरी फिस्सकन हसलं. पुढच्या सोमवारी तिची रवानगी सहकारी गोठ्यात झाली. तिथे तिने पस्तीस वर्षं गाईंचं दूध काढलं. माफी लिहून दे, परत घेतो, असा निरोप दोनदा आला. दोन्ही वेळा तिने निरोप्याला कपभर दूध पाजून वाटेला लावलं.

कम्युनिस्टांचं सरकार गेलं आणि गावाने तिला किल्ल्यावर परत आणलं. तीन वर्षांनी कोर्टाने किल्ला बॅरनच्या नातवाला, व्हिएन्नात वाढलेल्या फेलिक्सला, दिला. गोठ्याची हकिकत त्याच्या कानावर होती. त्याने वाकून तिचा हात हातात घेतला, इथेच राहा म्हणाला.

आठवड्याभरात त्याने तिचं बोलणं पहिल्यांदा सगळं ऐकलं. त्याच तसबिरीसमोर ती हेही सांगायची, की १९३२च्या हिवाळ्यात मजुरी वाढवून मागितली म्हणून बॅरनने अकरा लाकूडतोड्यांची कुटुंबं घरातून बर्फात काढली.

"बाई, माझ्या आजोबांसाठी एवढं सोसलंत, मग हे कशाला?" त्याने विचारलं.

"त्यांच्यासाठी नाही सोसलं. खोटं बोलायचं नव्हतं. तेव्हा बोलले नाही, आता कशाला बोलू?"

फेलिक्सने किल्ल्या काढून घेतल्या आणि दुसरी बाई नेमली. पुढच्या रविवारी झ्दिस्लावा दरवाजासमोरच्या दगडी पुलावर उभी राहिली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सगळं सांगू लागली, फुकट. लोक थांबून ऐकू लागले. फेलिक्सने पोलीस बोलावला. गावातलाच शेबेक आला, नकाशा पाहिला आणि म्हणाला, पूल गावाचा आहे. गाव म्हणालं तर काकूंना हटवतो. गाव काही म्हणालं नाही.

सप्टेंबरात फेलिक्स स्वतः पुलावर आला. लोक पांगेपर्यंत ऐकत उभा राहिला. मग त्याने विचारलं, ती लाकूडतोड्यांची कुटुंबं कुठे गेली?

"बहुतेक देशोधडीला लागली. गिरणीजवळ त्यांतल्याच एका घरातली आनेझ्का आहे. त्याच हिवाळ्यात परक्याच्या कोठारात जन्मली."

तो पायीच तिकडे गेला. काय बोलणं झालं ते दोघांनीही कधी सांगितलं नाही. पण पुढच्या रविवारी नवी बाई अंगणात पाहुण्यांना १९३४ साली घराबाहेर काढलेल्या दहा कुटुंबांबद्दल सांगत होती.

झ्दिस्लावा पुलावरून सरळ आत गेली. दारावरच्या माणसाने तिला अडवलं नाही.

"बत्तीस साल," ती म्हणाली. "आणि कुटुंबं अकरा."

पुढची दालनं तिनेच दाखवली.