ज्याला काही मिळायचे नाही

बरकतपुऱ्यातल्या घराचे मृत्युपत्र तयार झाले, तेव्हा नामदेवराव कृतकृत्य दिसत होते. धाकट्या युवराजची मुले लहान, म्हणून त्याला गच्चीसह वरचा मजला. थोरला संदेश निवृत्तीला टेकलेला आणि गुडघ्यांनी अधू, म्हणून त्याला खालचा. प्रत्येकाच्या वयाचा इतका सूक्ष्म विचार केलेला होता. पंचाहत्तरीच्या पत्नीचे, पद्मावतीबाईंचे वय तेवढे कुठे आडवे आले नव्हते.

"दोन साक्षीदार लागतील," चिक्कडपल्लीहून आलेले वकील म्हणाले. "एक माझा कारकून. दुसरा असा हवा, ज्याला यातून काही मिळायचे नाही."

"मग बाहेर कशाला शोधायचा?" नामदेवरावांनी आत हाक मारली. "पद्मा, जरा सहीला ये."

पद्मावतीबाईंनी जामबागच्या कॉलेजात आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवले होते. इतका निर्दोष निष्कर्ष त्यांच्या एकाही विद्यार्थ्याने काढला नव्हता. त्यांनी कागद सावकाश वाचले.

"तुमच्यामागे मी कुठे राहायचं, ते कुठल्या पानावर आहे?"

"काय हौल्यासारखं, खुळ्यासारखं बोलतेस? मुलं काय टाकून देणार आहेत तुला? विश्वास नाही का त्यांच्यावर?"

"माझा आहे. तुमचाही आहे ना? मग त्यांना मजले लिहून कशाला देता? तेही विश्वासावरच सोडा."

नामदेवराव चष्मा पुसत राहिले. वकिलांनी कागद अलगद स्वतःकडे ओढून घेतले.

"साक्षीदार बाहेरचाच बघू, साहेब," ते म्हणाले. "आणि बाईंच्या नावे काय लिहू, तेवढं सांगा."