शिवणीत गेलेला डोंगर

मित्रांनो, जरा हळू उघडा मला. मी एक जुना नकाशा आहे आणि माझ्या घड्या आता म्हाताऱ्या माणसासारख्या हट्टी झाल्या आहेत. माझ्या अंगावर नद्या आहेत, घाट आहेत, शेकडो गावे आहेत आणि डाव्या काठाला निळाशार समुद्र आहे. पण खरे सांगतो, आयुष्याची कितीतरी वर्षे मी यातले काहीच पाहिले नव्हते.

माझ्यासाठी मोजणी करणारी माणसे उन्हातान्हात डोंगर तुडवत हिंडली. छापखान्यात माझ्यावर एकेक रंग चढला. आधी पाण्याचा निळा, मग झाडांचा हिरवा, आणि शेवटी उंची दाखवणाऱ्या बारीक तपकिरी रेषा. त्यानंतर मी थेट दुकानात गेलो आणि दुकानातून एका घरातल्या कपाटात. सगळा मुलूख मला तोंडपाठ होता आणि त्याचा मला भारी गर्व होता. लोक उंटावरून शेळ्या हाकतात म्हणे. मी तर उंटावरही बसलो नव्हतो.

त्या घरात दोन बहिणी राहत होत्या. थोरली शिवणकाम करायची, धाकटी शाळेची बस चालवायची. मला त्यांच्या वडिलांनी आणले होते. ‘कधीतरी समुद्राला जाऊ’ असे म्हणून त्यांनी मला कपाटात ठेवले आणि त्यांचे ते ‘कधीतरी’ माझ्याबरोबर कपाटातच राहिले.

एके दिवशी थोरलीने, म्हणजे ताईने, मला बाहेर काढले. ती नुकतीच डोळ्यांच्या डॉक्टरांकडून आली होती. तिची नजर कडेकडून मिटत चालली होती. समोरचे दिसे, पण बांगडीतून पाहावे तेवढेच. ‘वर्षभर तरी पुरेल का?’ असे तिने विचारले, तेव्हा डॉक्टर स्वतःचा चष्मा पुसत बसले होते.

“मला समुद्र बघायचाय,” ताई धाकटीला म्हणाली. “बसने नको. खिडकीतून सगळं पळत असतं, आणि पळतं ते माझ्या एवढ्याशा नजरेत सापडत नाही. सायकलने जाऊ. सावकाश.”

“ताई, एवढ्या लांब? सायकलने?”

“तू पुढे, मी मागे. तू हँडल धर, मी पाय मारते. लहानपणी उलटं होतं, आता तू फेड.”

धाकटी हसली आणि मग बराच वेळ पदराने नाक पुसत राहिली. कोणाकडून तरी तिने दोघांनी मिळून चालवायची जोडसायकल मिळवली, आणि कापड बेतायच्या मोठ्या टेबलावर मला पसरण्यात आले. पण वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिल्याने मी जीर्ण झालो होतो. पसरताना मधोमध टरकन फाटलो आणि माझे दोन तुकडे झाले.

“अरेरे! आता चिकटपट्टी आण,” धाकटी म्हणाली.

“चिकटपट्टी कशाला? घरात मशीन आहे ना!” असे म्हणून ताईने माझे दोन्ही तुकडे तोंडाला तोंड लावून धरले, काठापासून बोटभर आत सरळ टीप मारली आणि शिवण उलगडून वरून इस्त्रीही फिरवली. चौकड्याच्या कापडावर रेघेला रेघ जुळवावी तसा तिने या बाजूचा रस्ता त्या बाजूच्या रस्त्याला जुळवला होता. काम इतके सुबक झाले की धाकटीने टाळी वाजवली.

मित्रांनो, इथेच घोडे पेंड खात होते. कापडाला काठाशी थोडे जास्तीचे कापड सोडलेले असते. शिवण त्यातच बसते. शिवणारी माणसे त्याला ‘माया’ म्हणतात. पण मला माया सोडलेली नव्हती! माझ्या फाटक्या काठापर्यंत मुलूखच मुलूख होता. एक अख्खा डोंगर माझ्या पाठीमागच्या शिवणीत गेला आणि मला ओरडून सांगता आले नाही.

मग वाट आखायला सुरुवात झाली. बस चालवून चालवून धाकटीला रस्त्यांचे स्वभाव ठाऊक होते. जिथे मालाचे ट्रक धावतात आणि कडेला पाऊल ठेवायलाही जागा नसते, ते रस्ते तिने खडूने फुल्या मारून बाद केले. “संध्याकाळी सूर्य तोंडावर असला की चालकाला समोरची सायकल दिसत नाही. तेव्हा दुपार उतरली की मुक्काम,” ती बजावून म्हणाली. चढ नेहमी सकाळच्या गारव्यात यावेत, पाण्याची जागा जवळ असावी, शक्यतो नदीच्या काठाने जावे, वळसा पडला तरी चालेल. ताईला झाडी हवी होती, पाणी हवे होते, उघडे आभाळ हवे होते. माझ्या तपकिरी रेषांवर डोळा टेकवून ती म्हणाली, “इथे चुण्या दाट आहेत बघ, म्हणजे चढ. इथे सैल आहेत, इथे मस्त जायचं.” नागमोडी रस्त्यावर तिने लाल दोरा हळूहळू वळवत ठेवला, मग तो ताणून मापाच्या पट्टीवर मोजला. अशी एकेका दिवसाची वाट बेतली गेली.

“शेवटी एक दिवस जास्तीचा ठेव,” ताई म्हणाली.

“तो कशाला? मला सुट्टी मोजून मिळालीये.”

“माया नको का थोडी? घट्ट बेतलेला कपडा पहिल्यांदा हात वर केला की उसवतो.” धाकटीने कुरकुरत एक दिवस वाढवला.

आणि मी निघालो! सायकलच्या हँडलला अडकवलेल्या पिशवीवर पारदर्शक प्लास्टिकची खिडकी होती, त्या खिडकीत माझी जागा होती. पहिल्याच वळणावर नदी आली आणि माझी बोबडी वळली. मी तिला जन्मभर निळी रेघ समजत होतो. ती हलत होती! तिला आवाज होता, तिच्यावर ऊन फुटत होते. हिरवा ठिपका म्हणून जे मी मिरवत होतो, ते जंगल डोक्यावरून कितीतरी वेळ संपेना. माझा सगळा गर्व त्या झाडांखाली गळून पडला आणि मला अजिबात वाईट वाटले नाही.

असे काही दिवस मजेत गेले. मग एका दुपारी, उतार लागून गाव यायला हवे होते तिथे, वळण संपताच समोर डोंगर उभा राहिला. काळाकभिन्न, आभाळाला टेकलेला.

धाकटीने ब्रेक दाबला. “ताई, हा कुठून आला? नकाशात नाहीये हा!”

ताई खाली उतरली. तिने मला बाहेर काढले, डोळ्यांजवळ धरले, मग उलटे करून शिवणीवरून बोट फिरवले. ती मटकन दगडावर बसली.

“अगं बाई! मीच याला शिवणीत घातलं गं!”

दोघी पोट धरून हसल्या, पण धाकटीचे हसू लवकर ओसरले. डोंगराला वळसा घालावा तर ट्रकचा रस्ता होता आणि सूर्य तोंडावर येणार होता. घाट चढावा तर वाटेत अंधार पडला असता, आणि कमी उजेडात ताईला काहीच दिसत नसे. आखलेली वाट मोडली असती तर समुद्र राहिला असता, आणि ‘पुन्हा कधी?’ हे विचारायची सोय नव्हती.

“आपल्याकडे एक दिवस आहे,” ताई म्हणाली. “माया कशासाठी ठेवतात?”

पायथ्याशी रस्ता दुरुस्त करणाऱ्या मजुरांची पत्र्याची शेड होती. तिथल्या बाईने काही न विचारता दोघींना चटई दिली. सकाळी गारव्यात त्या घाट चढू लागल्या. कधी पाय मारत, कधी सायकल ढकलत. दुरून डोंगर साजरे म्हणतात, पण जवळून तो डोंगर भयंकर होता आणि तरीही साजरा होता. माझ्या बारीक रेषा तिथे कड्यांचे थर होऊन एकावर एक उभ्या होत्या. मला आखणारे हात इथे येऊन गेले होते, या विचाराने मी थरारलो.

माथ्यावर पलीकडची दरी उघडली. खाली तळे होते, त्यात अख्खे आभाळ उतरले होते, आणि काठावरून पांढऱ्या पक्ष्यांचा थवा उठत होता. ताईच्या नजरेत ते सगळे एकदम मावणारे नव्हते. ती मान सावकाश वळवत राहिली. एक तुकडा पाहायची, मग त्याला लागून दुसरा. धाकटी तिचा दंड धरून उभी होती. सबंध दरी पाहून होईपर्यंत ऊन चांगलेच वर आले.

“आता झाली जोडून,” ताई म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होते.

समुद्रही त्यांनी पाहिला, मायेचा तो दिवस धरून ठरल्या मुदतीत. ताईने बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, “छान आहे. पण डोंगर माझा आहे.”

घरी आल्यावर तिने माझी शिवण उसवली, मागून मलमलीचे अस्तर लावले आणि चारही बाजूंनी बोटबोटभर माया सोडली. डोंगर पुन्हा माझ्या तोंडावर आला.

त्याला आता बरीच वर्षे झाली. धाकटी फोनवर वाटा शोधते, मी कात्र्यांच्या खणात असतो. कधीकधी मला उलट्या घडीने कोंबतात, एकदा माझ्यावर गरम भांडेही ठेवले होते. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर असे करू नका. आमच्यातला कागद संपतो, पण कुणाचे तरी चाललेले पाय आमच्यात असतात.

ताईची नजर आता पूर्ण मिटली आहे. छापलेली एकही रेघ तिला कळत नाही. पण उसवलेल्या शिवणीची सुईची भोके माझ्या अंगावर राहिली आहेत. ती मला मांडीवर घेते, बोट सरकवत आणते, आणि भोकांची रांग लागली की थांबते. डोंगर तिला बरोबर सापडतो. मग ती मान सावकाश वळवते, डावीकडून उजवीकडे, त्या सकाळी वळवली होती तशी.

परवा धाकटी फोन घेऊन तिच्याजवळ बसली. जोडसायकल पुन्हा निघणार आहे, तेच ‘तू पुढे, मी मागे’ करत.

“सगळी वाट ठरली, ताई. चढ सकाळी, ट्रक कुठेच नाहीत.”

ताईचे बोट माझ्या भोकांवर होते.

“आणि माया?”

“ठेवलीये गं,” धाकटी म्हणाली. “दोन दिवसांची.”